एक जूनवाल्या बाई

सेवाज्येष्ठतेची यादी दरवर्षी यायची आणि मी दरवर्षी ती न वाचता सही करायचे. शिपाईमामा तास चालू असतानाच दारात उभे राहायचे, "बाई, यादी." खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटांनी सही ठोकायची आणि पुढचं समीकरण फळ्यावर घ्यायचं. आपलं नाव शेवटचं आहे एवढं माहीत होतं. शेवटून दुसरं नाव तिचं. तिचं नाव इथं लिहीत नाही. पोरं तिला भूमितीच्या बाई म्हणायची आणि मला बीजगणिताच्या, तेच चालू ठेवते.

आम्ही दोघी एकाच दिवशी रुजू झालो. 2 जुलै 2001, सोमवार. माणदेशातली अनुदानित माध्यमिक शाळा. पगार सरकारचा, नेमणूक संस्थेची. दोघी बीएस्सी बीएड, दोघी शिक्षणसेवक. तीन वर्षं मानधनावर काढली, एकाच खोलीत भाड्यानं राहिलो, एकाच दिवशी कायम झालो. आमच्यामागून गणिताला कुणी आलंच नाही. आधी तुकडी वाढेना, मग 2 मे 2012 पासून राज्यात शिक्षक भरतीच बंद झाली. त्यामुळं सतरा वर्षं नोकरी होऊनही गणित-विज्ञानात आम्ही दोघीच ‘कनिष्ठ’. आमच्यावर एकच सर, 1994 पासूनचे.

आणि पोरं कमी होत चालली होती. आमच्याकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात पार केरळपासून पंजाबपर्यंत पांगलेली. पूर्वी बाप एकटा जायचा, आता बायकापोरांसकट जायला लागला. जे गावात राहिले त्यांच्या दाराशी सकाळी इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी. दरवर्षी 30 सप्टेंबरला पट मोजला जायचा आणि त्यावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार त्याचा हिशोब. शिक्षण हक्क कायद्यानं पाचवीपर्यंत 30 मुलांमागं एक शिक्षक, सहावी ते आठवीला 35 मागं एक. गणितातच बोलायचं तर आमचा भाज्य घटत होता आणि भाजक तोच होता.

2017-18 ची संचमान्यता उतरली तेव्हा मुख्याध्यापकांनी प्रिंट काढून टेबलावर पालथी ठेवली होती. गणित-विज्ञान गटात एक पद कमी. म्हणजे आमच्यातली एक अतिरिक्त, तिनं शाळा सोडून जिल्ह्यातल्या दुसऱ्या शाळेत जायचं. आणि जायचं ते यादीत खाली असलेलीनं.

तेव्हा मी पहिल्यांदा ती यादी नीट वाचली.

रकाने असे: अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, अर्हता, नेमणुकीची तारीख, प्रवर्ग, सही. प्रवर्ग, म्हणजे अर्हतेवरून ठरणारा गट, दोघींचा ‘क’. नेमणुकीची तारीख तीच. मग ती वर आणि मी खाली कशी? मुख्याध्यापकांनी कपाटातून 1981 ची नियमावली काढली, पानं सुटलेली. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी, सेवेच्या शर्ती. नियम 12 आणि अनुसूची ‘फ’. एकाच प्रवर्गात, एकाच दिवशी लागलेल्यांमध्ये जो वयानं मोठा तो ज्येष्ठ. साधा नियम. तिची जन्मतारीख 1 जून 1975, माझी 14 सप्टेंबर 1975. मी साडेतीन महिन्यांनी लहान.

ज्यांचं शिक्षण महाराष्ट्रात झालंय त्यांना 1 जून वाचताच हसू आलं असेल. आमच्या पिढीतला निम्मा गाव एक जूनला जन्मलाय. आई किंवा आजा पोराला धरून शाळेत न्यायचे, गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" "दुष्काळ पडला त्याच्या पुढल्या साली, बाजरी काढायला आली होती बघा." गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का पाहायचे आणि शाळा जूनला सुरू होते म्हणून 1 जून टाकून मोकळे व्हायचे. भूमितीच्या बाईही त्यातल्याच. त्यांच्या आईच्या तोंडून मी खोलीवर असताना ऐकलंय, लेक झाली ती भाऊबीजेला. घरात ओवाळणीचं ताट तयार आणि बाळंतिणीला कळा सुरू. म्हणजे नोव्हेंबर. म्हणजे खरं पाहता मोठी मी, दीड-दोन महिन्यांनी.

माझी तारीख मात्र खरी, कारण माझे वडील, आमचे दादा, ग्रामसेवक. जन्म-मृत्यूची नोंदवही त्यांच्याच हातात. लेकीचा जन्म त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या अक्षरात नोंदवला होता, वेळेसकट. त्या अक्षराचा मला लहानपणापासून अभिमान. त्या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं, दादांनी जरा आळस केला असता तर बरं झालं असतं.

या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, त्याला टाळून चालणार नाही. संस्थेच्या चेअरमन साहेबांनी दोघींना वेगवेगळं बोलावलं. मला म्हणाले, "यादी काय, कागद आहे बाई. कागद खाली-वर होतो. घरच्यांना घेऊन एकदा निवांत भेटा." निवांत भेटण्याचा अर्थ आमच्याकडे शाळेतल्या फळ्यालाही कळतो. मी काही बोलले नाही, पण दोन रात्री झोपले नाही. खोटं कशाला सांगू, पतसंस्थेतली ठेव किती आहे ते मी पाहून आले. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी चेअरमन साहेबांना माझ्यासमोरच सांगितलं, "साहेब, 2001 पासून सतरा याद्यांवर सह्या आहेत. क्रम बदलला तर मला शिक्षणाधिकाऱ्यांपुढं उभं राहावं लागेल." तो विषय तिथं संपला. तिलाही हेच विचारलं होतं, हे मला नंतर कळलं. तीही गेली नव्हती.

आमचे निवृत्त मुख्याध्यापक तेव्हा गावातच राहायचे. मी त्यांच्याकडे गेले ते तक्रार करायला. ते म्हणाले, मी लागलो तेव्हा हा कायदा नव्हता. एप्रिल संपला की संस्था सांगायची, बस. जूनला पुन्हा नेमणूक. मे महिन्याचा पगारही वाचायचा आणि नोकरीत खंडही पडायचा. जूनला कुणाला घ्यायचं नाही हे उन्हाळ्यात ठरायचं, कुणी कुणाच्या लग्नात आहेर केला त्यावर. 1977 चा कायदा आला, मग दोन वर्षं परिवीक्षा आणि पुढं कायम. कायम माणसाला काढायचं तर चौकशी समिती, आणि त्यावर शाळा न्यायाधिकरणात 30 दिवसांत अपील. "तुला आज नियम टोचतोय," सर म्हणाले, "पण चेअरमनला दोन वेळा गप्प बसवलं ते त्यानंच की." मला त्यांचं पटलं आणि रागही आला. दोन्ही एकदमच.

त्या रागातच मी हरकतीचा अर्ज लिहिला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही; भूमितीच्या बाई हे वाचतील तेव्हाच त्यांना कळेल. अर्जात लिहिलं, की सदर शिक्षिकेची अभिलेखातली जन्मतारीख वस्तुस्थितीला धरून नाही. ‘वस्तुस्थिती’ हा शब्द तीनदा आला होता. सकाळच्या एसटीनं जिल्ह्याला गेले. माध्यमिक विभागात ज्या टेबलावर अतिरिक्त शिक्षकांची प्रकरणं होती तिथल्या गृहस्थांनी अर्ज शांतपणे वाचला, दोनदा, आणि उलटा करून माझ्याकडे सरकवला.

"बाई, पुरावा?"

"त्यांच्या आईनं सांगितलंय."

"आई येणार आहेत का इथं लेकीच्या विरोधात सांगायला?"

मी गप्प.

"आणि समजा सिद्ध झालं. मग खोटी जन्मतारीख देऊन नोकरी घेतली म्हणून त्यांच्यावरच चौकशी. ज्येष्ठता राहिली बाजूला, नोकरीच जाईल. तेवढं पाहिजे का तुम्हाला?" मग ते जरा मागं रेलले. "बदलायची असती तरी लागल्यापासून पाच वर्षांत अर्ज लागतो. सेवापुस्तिकेचं पहिलं पान म्हणजे दगडावरची रेघ." शेजारच्या टेबलावरचे हसत म्हणाले, "ह्या खोलीत चार जण आहोत बाई, तिघं एक जूनचे. साहेब धरून."

अर्ज पर्समध्ये ठेवला. स्टँडवर आल्यावर फाडला, तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि लगेच वाटलं, नाव दिसेल कुणाला. पुन्हा काढून बारीक केले. बीजगणिताच्या बाई स्टँडवरच्या डब्यात हात घालतायत, हे दृश्य कुणा विद्यार्थ्यानं पाहिलं नसावं अशी आशा आहे.

त्या काळात सगळ्यांना माझ्यावर उपाय सुचत होते. माझा मावसभाऊ सॅन होजेला असतो. त्याचं म्हणणं, ही ज्येष्ठता नावाची गोष्टच चुकीची, चांगला शिकवेल तो राहावा. त्यांच्या कॅलिफोर्नियात नऊ विद्यार्थ्यांनी यावरच दावा लावला होता, की शेवटी आला तो आधी जाणार या नियमानं चांगले तरुण शिक्षक जातात आणि वाईट राहतात. 2014 मध्ये न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला होता, हे त्यानं मला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो निकाल 2016 मध्ये वरच्या न्यायालयानं फिरवला, हे मला मी स्वतः शोधल्यावर कळलं. त्याला विचारलं, चांगलं शिकवतं कोण हे तुमच्याकडे ठरवतं कोण? म्हणाला, निकालावरून ठरवता येतं.

आमच्या दहावीच्या निकालावरून ठरवू म्हटलं तर काय निघतं? बीजगणिताच्या पेपरात पोरांना गुण जास्त पडायचे, भूमितीच्या पेपरात कमी. प्रमेयाची सिद्धता म्हटलं की पोराचा हात थांबतो. म्हणजे आकड्यावर मी जिंकले असते. पण तिच्या वर्गात मी बसलेय. वर्तुळाची स्पर्शिका शिकवायला ती बैलगाडीच्या चाकापाशी पोरं घेऊन गेली होती. चाक जमिनीला टेकतं तिथून आऱ्याच्या रेषेनं दोरी ताणली, गुण्या लावून काटकोन दाखवला. तिच्या हाताखालची पोरं आज सर्व्हेअर आहेत, एक जण आर्किटेक्ट. चांगली शिक्षिका कोण, असं मला शपथेवर विचारलं असतं तर मी तिचं नाव घेतलं असतं. मग मला राग कशाचा होता? तिनं एकदाही ‘मी जाते’ म्हटलं नाही, याचा. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा दहावीत. तिच्या जागी मी असते तर मीही म्हटलं नसतं. तरी दोन वर्षं मी ते मनात धरलं.

समुपदेशन एका शाळेच्या सभागृहात होतं. समुपदेशन हा शब्द ऐकून कुणी समजूत काढेल असं वाटतं. तिथं रिक्त जागांची यादी भिंतीवर लावतात आणि नाव पुकारलं की पुढं जाऊन गाव सांगायचं. जिल्ह्यातले सगळे अतिरिक्त एकत्र, विषयवार. गणित-विज्ञानाच्या जागा अकरा आणि आम्ही सतरा. क्रम? सेवाज्येष्ठतेनं! त्या यादीत मी चौथी होते. शाळेत सतरा वर्षं शेवटचं नाव आणि इथं चौथं. माझ्यामागं 2009-10 ला लागलेली पोरंपोरी उभी होती. एकीच्या कडेवर सहा महिन्यांचं मूल. माझ्या घरापासून अडतीस किलोमीटरवरचं एक गाव मी घेतलं आणि मागं फिरले तर ती मूलवाली भिंतीवरच्या यादीत त्याच गावावर बोट ठेवून उभी होती. तिचं माहेर तिथलं, हे तिनं नवऱ्याला सांगितलं ते मी ऐकलं. मी थांबले नाही. सही केली आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायले.

जे सहा जण उरले ते मूळ शाळेतच राहिले, पगार चालू, मस्टरवर सही, आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या नजरेत ‘जादा’.

नव्या शाळेनं मला पहिले अकरा दिवस रुजूच करून घेतलं नाही. त्या संस्थेचा माणूस आधीच विनावेतन शिकवत होता, त्याच्यासाठी ती जागा सांभाळून ठेवलेली. मी रोज अडतीस किलोमीटर जायचे, कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसायचे, हजेरीचा अर्ज आवक-जावकला द्यायचे, पोच घ्यायचे, यायचे. तो मुलगा मला पाणी आणून द्यायचा. एमएस्सी बीएड होता, वय बत्तीस. माझ्यामुळं त्याचं काय होणार हे आम्हा दोघांनाही कळत होतं. शेवटी वरून पत्र आलं, रुजू करून घेतलं नाही तर पद व्यपगत होईल, म्हणजे कायमचं जाईल, तेव्हा रुजू केलं. तो पोरगा पुढच्या सोमवारी आला नाही. पवित्र पोर्टलवरची भरती, अभियोग्यता चाचणी वगैरे तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. त्यातून तो कुठं लागला का, मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही म्हणा.

मग शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नाव इकडं यायला वेळ, सेवापुस्तिका यायला वेळ, तीन महिने पगार नाही. ते सगळ्यांनाच भोगावं लागतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं हे: पहिल्या वर्षीची यादी आली आणि मी ती तास थांबवून वाचली. माझं नाव पुन्हा शेवटी. 2011 ला लागलेल्या सरांच्याही खाली, कारण या शाळेत रुजू होण्याची तारीख धरली होती. मी लेखी हरकत घेतली, सही केली नाही. ती फाईल शिक्षणाधिकारी कार्यालयात आहे. बहुधा त्याच टेबलावर. तोवर 30 सप्टेंबर जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो आणि मी वाडीवस्तीवर पोरं शोधत फिरते. वीटभट्टीवरची चार, मेंढपाळाची दोन, एक मुलगी तर आठवीतनं सुटलेली, तिच्या आईला सहा वेळा भेटले. लोक म्हणतात, बाईंना शिक्षणाची तळमळ फार. असेलही.

भूमितीच्या बाईंशी बोलणं पुन्हा सुरू झालं ते 2020 साली, कोरोनात. तिच्या सासूबाई गेल्याचं कळलं आणि मी फोन केला. तेव्हापासून आहे.

आणि मग 1 सप्टेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, नाहीतर घरी. चोवीस वर्षांची नोकरी, कायमपणा, ज्येष्ठता, सगळं असून परीक्षा. संध्याकाळी तिचाच फोन आला. हिशोब तिनं आधीच करून ठेवला होता: ती 31 मे 2033 ला निवृत्त होणार, एक जूनवाले मे अखेरीलाच जातात; मी 30 सप्टेंबर 2033 ला. "तू लहान ना, चार महिने पगार जास्त खाणार." सात वर्षांत पहिल्यांदा आम्ही त्यावर हसलो. दोघींना आठ-आठ वर्षं उरलीत, म्हणजे दोघी सापडलो.

फॉर्म आम्ही एकत्र भरला, तिच्या घरी, तिच्या मुलाच्या लॅपटॉपवर. तोही आता इंजिनिअर झालाय आणि आईला बालमानसशास्त्राच्या नोट्स काढून देतो. आधी माझा भरला, मग तिचा. जन्मतारखेच्या रकान्याशी तिचा हात थांबला. माझ्याकडं बघून म्हणाली, "काय गं, खरी टाकू का?"

"नको," मी म्हटलं. "एक जूनच टाक. आता सवय झालीय."